रोमन स्वयंपाकघरात शिरताना: कोणतं पुस्तक आधी, कोणतं नंतर

प्राचीन रोमन लोक काय खात, हे जाणून घ्यायची हुक्की आली की माणूस पहिल्यांदा ॲपिशियस उघडतो. नाव कुठेतरी ऐकलेलं असतं, जुना इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतो आणि रोमन काळातलं पाककृतींचं पुस्तक म्हटल्यावर हात शिवशिवतात. मग पानं उलटता उलटता फ्लेमिंगो येतो, पोपट येतो, सारण भरलेले डॉरमाउस नावाचे झुपकेदार शेपटीचे उंदीर येतात. काय किती घ्यायचं याचा पत्ता नसतो, किती वेळ शिजवायचं तेही नसतं. पुस्तक मिटतं आणि ‘रोमन लोक विक्षिप्त होते’ एवढंच डोक्यात उरतं.

हा सगळा घोळ वाचनाच्या क्रमामुळे होतो. आधी शहर, मग साध्या माणसाचं ताट, मग चूल आणि त्यानंतरच ॲपिशियस, असं गेलात तर तेच पुस्तक बोलायला लागतं. पुढे सांगितलेली पुस्तकं इंग्रजीत आहेत. मूळ लॅटिन किंवा ग्रीक असतील तर त्यांचे इंग्रजी अनुवाद आहेत. लॅटिन यायची गरज नाही.

पायरी १: आधी शहरातून एक चक्कर मारा

सुरुवात मेरी बिअर्ड यांच्या ‘पॉम्पेई: द लाइफ ऑफ अ रोमन टाउन’ने करा. पुस्तक 2008 सालचं. अमेरिकेत तेच पुस्तक ‘द फायर्स ऑफ व्हेसुव्हियस’ या नावाने निघालं, तेव्हा दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका. बिअर्डबाई वाचकाला शेंडी लावत नाहीत, म्हणून मी हे पहिलं सांगतो. भिंतीवरचं चित्र, चुलीवरचं भांडं, गटारात सापडलेली हाडं, यातून नेमकं काय कळतं आणि काय आपण मनाने जोडतो, हे त्या जागच्या जागी सांगतात. पुढे कोणतंही रोमन पुस्तक वाचताना ही सवय उपयोगी पडते.

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. मोडेस्टसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत त्या दिवशीचे पाव तसेच राहिले. उत्खननात जळून कोळसा झालेले 81 पाव निघाले, गोल आणि वरून आठ भागांत खुणा पाडलेले. मासळीच्या सॉसचा तिथला मोठा व्यापारी औलस उम्ब्रिसियस स्कॉरस. त्याने आपल्या घरातल्या फरशीवर सॉसच्या बाटल्यांची चित्रं मोझेकमध्ये काढून घेतली होती, माल उत्तम असल्याच्या मजकुरासकट. घरात पाय ठेवणाऱ्याला धंद्याची जाहिरात दिसलीच पाहिजे! 2020 मध्ये शहराच्या पाचव्या विभागात एक खानावळ पूर्ण उकरून झाली. तिच्या ओट्यावर बदकांचं चित्र आहे, आणि ओट्यात बसवलेल्या मडक्यांत बदक, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. हे बिअर्ड यांच्या पुस्तकानंतरचं आहे, म्हणून त्याची माहिती वेगळी शोधून वाचा.

रोम शहरासाठी जेरोम कार्कोपिनो यांचं ‘डेली लाइफ इन एन्शंट रोम’ अजून वाचलं जातं. फ्रेंच मूळ 1939 चं. वर्णनं झकास आहेत, पण लेखक मार्शल आणि जुव्हेनाल या टोमणेबाज कवींवर फार विसंबतो आणि मधूनच नीतीचे डोसही पाजतो. चवीसाठी वाचा, परीक्षेत उत्तर म्हणून लिहू नका. गोष्टीसारखं वाचायला हवं असेल तर अल्बर्टो अँजेला यांचं ‘अ डे इन द लाइफ ऑफ एन्शंट रोम’ घ्या. सम्राट ट्राजनच्या काळातला एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यात उलगडत जातो. शाळकरी मुलांच्या हातीही देता येईल, एखाददुसरं प्रकरण आधी स्वतः चाळून.

जो-ॲन शेल्टन यांचं ‘ॲज द रोमन्स डिड’ जवळ ठेवा. ही रोमन लोकांनीच लिहिलेली पत्रं, शिलालेख, कायदे, थडग्यांवरचा मजकूर यांची निवड आहे. सलग वाचायचं हे पुस्तक नव्हे. कुठेही उघडावं, दोन पानं वाचावी.

पायरी २: ताट कोणाचं, हे विचारा

रोमन जेवण म्हटलं की मखमली कोचावर आडवे पडून द्राक्षं तोंडात टाकणारे लोक डोळ्यांपुढे येतात. ते होतेच. पण रोममधली बहुसंख्य जनता पाच-सहा मजली चाळींत भाड्याने राहायची. वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांत धड स्वयंपाकघर नसायचं, एखादी शेगडी असली तर असली. आगीची भीती कायम. गरम काही खायचं तर खाली कोपऱ्यावरच्या खानावळीत जायचं.

धान्याचं तर राजकारणच होतं. इ.स.पू. 123 मध्ये गायस ग्राकस या पुढाऱ्याने स्वस्त धान्याचा कायदा केला, इ.स.पू. 58 मध्ये क्लोडियस या दुसऱ्या पुढाऱ्याने ते फुकट केलं. पात्र नागरिकाला महिन्याला 5 मोडियस गहू मिळायचा, म्हणजे साधारण 33 किलो. ऑगस्टसने लाभार्थींची यादी आवळत 2 लाखांवर आणली. या बाजूचं नीट वाचायचं असेल तर पीटर गार्न्सी यांचं ‘फूड अँड सोसायटी इन क्लासिकल अँटिक्विटी’ (1999). छोटं आहे, पण अभ्यासकाच्या भाषेत आहे. पहिल्याच महिन्यात हाती घेऊ नका.

साध्या माणसाच्या खाण्यासाठी माझी निवड मार्क ग्रँट यांचं ‘रोमन कुकरी’ (1999). मोर-फ्लेमिंगोच्या भानगडीत न पडता डाळी, भाज्या, पाव, लापशी यांच्याकडे ते बघतात. त्यांचा मोठा आधार गेलन हा वैद्य. पेर्गामॉनचा हा माणूस पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. त्याने अन्नाच्या गुणधर्मांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वतःच्या तरुणपणची एक हकीकत सांगितली आहे. तो दोन मित्रांबरोबर गावाकडे चालत गेला होता. वाटेत शेतकऱ्यांची जेवायची वेळ झालेली. पाव संपलेला, बायका नव्याने करायच्या तयारीत होत्या. मग कुणीतरी गहू भांड्यात टाकून उकडले, थोडं मीठ घातलं आणि या तिघांनाही ‘बसा जेवायला’ म्हटलं. चालून भूक लागलेली, तिघांनी भरपूर खाल्लं. पोटात चिखल भरल्यासारखं जड झालं. दुसऱ्या दिवशीही अन्नावर वासना नाही, पोटात वारा धरलेला, डोकं जड. गेलनने शेतकऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही हे पुष्कळदा खातो, आणि आम्हालाही जडच जातं.

दहा मेजवान्यांच्या वर्णनांपेक्षा या एका प्रसंगात जास्त इतिहास आहे. गेलनचा हा ग्रंथही मार्क ग्रँट यांनी इंग्रजीत आणलाय, ‘गेलन ऑन फूड अँड डाएट’ या नावाने.

पायरी ३: काहीतरी एक करून बघा

नुसतं वाचून रोमन स्वयंपाक कळत नाही. पहिला पदार्थ मात्र ॲपिशियसचा नको, केटो या रोमन राजकारण्याचा घ्या. मार्कस केटोचं शेतीवरचं पुस्तक इ.स.पू. 160 च्या सुमाराचं आहे. शेत विकत घेण्यापासून बैलांच्या औषधांपर्यंत सगळं त्यात आहे आणि मध्येच पाककृती घुसल्या आहेत. कोबीच्या गुणगानाची प्रकरणं तर वाचाच, कोबीवर एवढा जीव असलेला दुसरा लेखक मला माहीत नाही. लोब या ग्रंथमालिकेत केटो आणि शेतीवरच लिहिणारा व्हॅरो एकाच खंडात मिळतात, डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. तोच जुना अनुवाद ‘लॅकस कर्टियस’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.

75 व्या प्रकरणात ‘लिबम’ आहे, देवाला वाहायचा चीजचा छोटा पाव. केटो चक्क मापं देतो: 2 पौंड चीज, 1 पौंड पीठ, 1 अंडं. जास्त हलका हवा असेल तर बारीक पीठ अर्धाच पौंड. चीज खलात चांगलं वाटायचं, पीठ मिसळायचं, अंडं घालायचं, पाव थापून पानांवर ठेवायचा आणि गरम चुलीवर मातीचं झाकण घालून हळूहळू भाजायचा. विदर्भात पळसाच्या पानांत पानगे भाजताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना पान आणि मंद आच यांचं काम वेगळं समजावून सांगायला नको.

रोमन पौंड साधारण 327 ग्रॅमचा. निम्म्या मापाने करायचं तर 325 ग्रॅम चीज, 160 ग्रॅम गव्हाचं पीठ आणि फेटलेल्या अंड्यातलं अर्धं. आपल्याकडे घरी फाडलेल्या दुधाचा मऊ छेना चालतो. बाजारातला दाबलेला पनीरचा ठोकळा भुसभुशीत राहतो, त्याला तळहाताने खूप मळावं लागतं. पान हवं ते भूमध्य प्रदेशातलं बे लीफ. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, दालचिनीच्या कुळातलं. ते घातलंत तर पाव बिघडणार नाही, पण वास बदलेल. ओव्हन 180 अंशांवर, पावावर मातीचं किंवा स्टीलचं भांडं उपडं, 35 ते 40 मिनिटं. वरून तांबूस दिसला की काढा. आजच्या बऱ्याच पुस्तकांत वर गरम मध ओतायला सांगतात. छान लागतं, पण केटोच्या लिबममध्ये मध नाही. मधाचाच पदार्थ हवा असेल तर चार प्रकरणं पुढे जा. तिथे ‘ग्लोबी’ आहेत: चीज आणि पिठाचे गोळे चरबीत तळायचे, मध लावायचा, वर खसखस.

ही छोटीशी तुलना मुद्दाम केली. मूळ मजकूर एका बाजूला आणि आधुनिक पाककृती दुसऱ्या बाजूला ठेवून लेखकाने स्वतःचं काय घातलं हे ओळखणं, ही या विषयातली सगळ्यात कामाची विद्या. चांगलं पुस्तक मूळ मजकुराचा अनुवाद आधी देतं आणि आपली पाककृती त्याखाली. नुसतीच ‘रोमन चिकन’ची पाककृती असेल आणि ती कुठून आली त्याचा उल्लेख नसेल, तर पुस्तक परत ठेवा. टोमॅटो, बटाटा, मिरची किंवा मका दिसला तर उघडूनही बघू नका, ही सगळी अमेरिका खंडातून कितीतरी शतकांनी आली. साखरही रोमनांच्या स्वयंपाकघरात नव्हती. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन ग्रंथकाराला ती ठाऊक होती, पण औषध म्हणून.

या कसोटीला उतरणारं आणि नवख्याला झेपणारं पुस्तक म्हणजे अँड्र्यू डॅल्बी आणि सॅली ग्रेंजर यांचं ‘द क्लासिकल कुकबुक’ (1996, सुधारित आवृत्ती 2012). ग्रीक आणि रोमन दोन्ही. डॅल्बी ग्रंथ हुडकणारे, ग्रेंजरबाई शिकलेल्या शेफ आणि नंतर प्राचीन इतिहासाच्या पदवीधर. एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर मी हेच म्हणेन. इलारिया गोझिनी जियाकोसा यांचं ‘अ टेस्ट ऑफ एन्शंट रोम’ (1992) दिसायला देखणं आहे, लॅटिन मजकूरही देतं; इटालियन स्वयंपाकघराचा हात मात्र जाणवतो. पॅट्रिक फास यांचं ‘अराउंड द रोमन टेबल’ पंगतीच्या रीतिभातींसाठी वाचा.

पायरी ४: एक कविता

‘मोरेटम’ ही सव्वाशे ओळींच्या आतबाहेरची लॅटिन कविता. महाकवी व्हर्जिलच्या नावावर चालत आली, पण ती त्याची नसावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. हिवाळ्यातली पहाट. सिम्युलस नावाचा गरीब शेतकरी अंधारात चाचपडत उठतो, राखेतला निखारा फुंकून दिवा पेटवतो, जात्यावर धान्य दळतो, पावाची कणीक मळतो. घरात टांगलेलं मांस नाही, दोरीला बांधलेलं एक चीज आहे. मग बागेत जाऊन लसणाचे चार गड्डे उपटतो, कोथिंबीर आणि इतर पाला खुडतो आणि खलात कुटायला बसतो. लसणाचा वास नाकात जातो, डोळ्यांतून पाणी येतं, तो काही दोष नसलेल्या धुराला शिव्या घालतो. शेवटी तेल, व्हिनेगरचे थेंब आणि बोटांनी खल पुसून एक गोळा, तोच मोरेटम.

लोबच्या व्हर्जिलच्या दुसऱ्या खंडात ही कविता मिळते. वाचायला वीस मिनिटं, करायला तेवढीच. करणार असाल तर चार गड्ड्यांऐवजी चार पाकळ्यांवर भागवा. बागेतल्या पाल्यात रू ही वनस्पती, म्हणजे सताप, आहे. ती गर्भवतींनी टाळावी आणि इतरांनीही चिमटीपलीकडे घालू नये.

पायरी ५: आता ॲपिशियस

मार्कस गेव्हियस ॲपिशियस हा सम्राट टायबेरियसच्या काळातला खवय्या. सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ सांगतो की हिशेब केल्यावर फक्त 1 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) उरलेत हे कळताच, आता उपाशी मरू या भीतीने त्याने विष घेतलं. आपल्या हातातलं पुस्तक मात्र त्याने लिहिलेलं नाही. ते चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराला संकलित झालं आणि या खवय्याचं नाव पुस्तकाला चिकटलं. दहा भाग, साडेचारशेच्या वर पाककृती. आज त्याची नवव्या शतकातली दोन हस्तलिखितं आहेत, एक व्हॅटिकनमध्ये, दुसरं न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीत.

अनुवाद निवडताना जपा. फुकट मिळतो तो जोसेफ व्हेलिंग यांचा, 1936 चा. व्हेलिंग स्वतः शेफ, उत्साह दांडगा, चित्रं सुरेख. पण मूळ संहिता जुन्या सदोष आवृत्त्यांवरून घेतलेली आणि जिथे अडलं तिथे अंदाजाने पूल बांधलेला. गंमत म्हणून चाळा, त्यावरून शिजवू नका. बार्बरा फ्लॉवर आणि एलिझाबेथ रोझेनबॉम यांचा 1958 चा अनुवाद बराच भरवशाचा. सध्या सगळ्यात विश्वासू म्हणजे क्रिस्टोफर ग्रोकॉक आणि सॅली ग्रेंजर यांची 2006 ची चिकित्सक आवृत्ती. जाडजूड आणि खर्चिक आहे. तिच्याबरोबरच ग्रेंजर यांचं ‘कुकिंग ॲपिशियस’ हे छोटं पुस्तक निघालं. मापांसकट करून बघितलेल्या पाककृती त्यात आहेत, घरच्या वापराला ते पुरतं. मापं का नाहीत, याचं त्यांचं उत्तर मला पटतं: या पाककृती आचाऱ्यांनी आचाऱ्यांसाठी टिपून ठेवल्या होत्या. ज्याच्या हातात माप आहे त्याला कोण लिहून देतो?

आणखी एक अडचण. आवृत्तीगणिक पाककृतींचे क्रमांक बदलतात. व्हेलिंग यांनी सलग आकडे दिलेत, नव्या आवृत्तीत 4.2.35 असा भाग, प्रकरण आणि पाककृती यांचा क्रम असतो. म्हणून टिपण करताना लॅटिन नावही लिहा. हा 4.2.35 म्हणजे ‘पतिना दे पिरिस’, पेअर आणि अंड्यांचा पदार्थ. उकडलेले पेअर बिया काढून वाटायचे, मिरी, जिरं, मध, गोड वाइन, मासळीचा सॉस, थोडं तेल घालायचं, अंडी फेटून घालायची आणि सेट होऊ द्यायचं. वरून मिरपूड. ॲपिशियसमधला पहिला पदार्थ म्हणून हा उत्तम. डॉरमाउसपेक्षा पेअर मंडईत लवकर मिळतो.

मासळीच्या सॉसचं नाव काढल्यावर शाकाहारी वाचक कचरतात. मीठ लावून मासे उन्हात मुरवून काढलेलं ते पाणी, पण पदार्थात त्याचं काम मिठाचं. थाई किंवा व्हिएतनामी फिश सॉस थोडासा घातला तर जवळपास पोचता येतं. शाकाहारी असाल तर मीठच घाला आणि टिपणात तसं लिहून ठेवा. खोलात जायचं असेल तर ग्रेंजर यांचंच ‘द स्टोरी ऑफ गारम’ (2021), गारम म्हणजे हाच मासळीचा सॉस. हे मात्र वेड लागलेल्यांसाठी.

हिंग तर तुमच्या डब्यात आहेच. रोमनांना आवडायची ती आजच्या लिबियातल्या सायरेनीची सिल्फियम वनस्पती. ती इतकी ओरबाडली गेली की प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या आठवणीत एकच काडी सापडली आणि ती सम्राट नीरोला भेट म्हणून धाडली गेली. मग पार्थियाकडून, म्हणजे आजच्या इराणच्या बाजूने, येणाऱ्या हिंगावर भागवलं गेलं. ॲपिशियसच्या पहिल्याच भागात काटकसरीची युक्ती आहे: काचेच्या बरणीत हिंगाबरोबर वीसेक चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, ठेवायचे. स्वयंपाकाला हिंग हवा तेव्हा चिलगोजे वाटून घालायचे आणि तेवढेच नवे बरणीत टाकायचे. हे आजही चालतं.

पायरी ६: मिरी कुठून आली

ॲपिशियस वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते, जवळजवळ प्रत्येक पाककृती मिरीने सुरू होते. ती मिरी मलबारची. प्लिनीने भाव देऊन ठेवलेत, काळी मिरी पौंडाला 4 दिनार (रोमन चांदीची नाणी), पांढरी 7, लांब मिरी म्हणजे पिंपळी 15. यात तिखटपणाशिवाय आहे काय आणि त्यासाठी आपण थेट हिंदुस्थानपर्यंत जातो, अशी त्याची कुरकुरही आहे. दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात, हा त्याचा आकडा खूप वेळा उद्धृत होतो. पैसा उधळण्यावर रागावलेल्या माणसाचा आकडा म्हणून तो वाचावा.

या व्यापाराची दुसरी बाजू ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’मध्ये आहे, पहिल्या शतकातल्या इजिप्तमधल्या ग्रीकभाषी व्यापाऱ्याचं दर्यावर्दी टिपण. केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराची मिरी त्यात आहेच, पण सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरंही आहेत. पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून गाड्यांत लादून माल भरूचला जायचा. भरूचला बाहेरून काय यायचं त्याची यादी वाइनपासून सुरू होते, त्यातही इटलीची पसंतीची. अनुवाद दोन. शॉफ यांचा 1912 चा फुकट मिळतो, पण टिपा जुन्या झाल्यात. लायोनेल कॅसन यांच्या 1989 च्या आवृत्तीत ग्रीक मजकूर, अनुवाद आणि भरपूर टिपा आहेत. विकत घेणं जड असलं तर मोठ्या ग्रंथालयात बसून वाचण्यासारखी.

पॉम्पेईत 1938 मध्ये एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या जवळची मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली, तसलीच एक भोकरदनलाही. तेरला लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. त्या बाजूला जाणं झालं तर बघून या, आणि जाण्यापूर्वी पेरिप्लसमधली पैठण-तगरची दोन-तीन पानं वाचून ठेवा.